गच्चीपासून घरापर्यंत : कोॲक्सियल तारेची निवड व मांडणी

आमच्या उपनगरांतील एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर जाऊन चोहोंकडे दृष्टि टाकावी, म्हणजे एक मौजेचें दृश्य दिसतें. पश्चिमेच्या बाजूस अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि पूर्वेच्या बाजूस घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जिकडे तिकडे गच्च्या पसरलेल्या आहेत, आणि त्यांवर आकाशाकडे तोंड करून बसलेल्या लहानमोठ्या डिशा आहेत. प्रत्येक डिशेपासून करंगळीहून बारीक अशी एक तार निघून भिंतीवरून घरांत उतरते. विद्यार्थी डिशेकडे पाहतात, घरांतील मंडळी पडद्याकडे पाहतात. परंतु या दोहोंना जोडणाऱ्या तारेकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं. चित्र नीट दिसतें तोंवर तिची आठवण होत नाहीं, आणि चित्र बिघडलें म्हणजे दोष मात्र तिच्याखेरीज इतर सर्वांना दिला जातो. म्हणून या दुर्लक्षित तारेविषयीं या अंकांत चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत घडलेली गोष्ट प्रथम सांगतों. मुलुंड येथें सात मजली इमारतींत राहणाऱ्या या मंडळींस दरवर्षीं आषाढ लागला कीं एकच पीडा होत असे. पाऊस सुरू झाला कीं चित्राचे तुकडे होत, मग तें थिजे, आणि शेवटीं संदेश मिळत नसल्याची सूचना तेवढी पडद्यावर राही. पहिल्या वर्षीं त्यांनीं घरांतील सेट-टॉप बॉक्स बदलला. दुसऱ्या वर्षीं गच्चीवरील डिश नवी आणिली. तिसऱ्या वर्षीं भर पावसांत डिश हलवून पाहावी म्हणून थोरला मुलगा शेवाळलेल्या कठड्यावर चढला आणि त्याचा पाय घसरला. तो आंतल्या बाजूस पडला म्हणून गुडघ्यावर निभावलें. बाहेरच्या बाजूस पडता तर काय झालें असतें, हें लिहिण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. पुढें पाऊस उघडल्यावर तार तपासली, तों असें आढळलें कीं कठड्यामागें दोन तुकडे जोडून केलेल्या एका सांध्याची चिकटपट्टी सुटली होती, आंतील तांब्याची जाळी हिरवी पडली होती, आणि तार कापतांच तींतून पाण्याचे थेंब गळाले. तीस मीटर नवी तार आणि दोन जोड, एवढ्यावर तीन वर्षांची पीडा संपली. आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं, ही म्हण या प्रसंगास किती लागू पडते पाहा!

ही तार मुळांत आली कशी? मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्या काळच्या लांब लहरी ऐकण्यास छपरावर ताणलेली एक उघडी तार पुरे होई. पुढें २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईस दूरचित्रवाणी आली, आणि उपनगरांच्या छपरांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे अँटेने उभे राहिले. कावळ्यांना बसावयास नवी जागा झाली. त्या अँटेन्यांपासून पुष्कळ घरांत दोन समांतर तारांची एक चपटी पट्टी येत असे. ती स्वस्त होती, परंतु तिच्यांतील लहर तारांच्या भोंवतालच्या उघड्या जागेंतून चालत असल्यामुळें पट्टी पावसानें भिजली किंवा लोखंडी नळाला टेकली कीं लहरींची शक्ति वाटेंतच नाहींशी होई. १९९१ सालापासून उपग्रहावरील कार्यक्रम घरोघर पोंचविणाऱ्या केबलवाल्यांच्या तारा एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर, झाडांवरून व दिव्यांच्या खांबांवरून जाऊं लागल्या. तेव्हां उपयोगांत आली ती आपल्या लेखाचा विषय असलेली कोॲक्सियल तार.

ही कल्पना मात्र पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडमधील ऑलिव्हर हेविसाइड या विद्वानानें १८८० सालींच तिचें एकस्व घेतलें होतें. आणि अमेरिकेंतील एस्पेनशीड व ॲफेल या दोघांनीं १९२९ सालीं पुष्कळसे संदेश एकाच तारेंतून नेण्याच्या योजनेच्या एकस्वासाठीं अर्ज केला. कोॲक्सियल म्हणजे एकाच अक्षाभोंवतीं असलेली. अगदीं मध्यें तांब्याची एक तार असते, तिला आपण गाभा म्हणूं. गाभ्याभोंवतीं पॉलिथिलीनचा पांढरा थर असतो; त्यावर धातूचा पातळ पत्रा किंवा बारीक तारांची विणलेली जाळी, अथवा दोन्ही; आणि सर्वांवर प्लास्टिकचें आवरण. लहर गाभा व जाळी यांच्यामधील पांढऱ्या थरांतून प्रवास करते. नळाचें पाणी जसें नळाबाहेर सांडत नाहीं, तशी ही लहर जाळीबाहेर सांडत नाहीं, आणि बाहेरचा गोंगाटही आंत शिरत नाहीं. म्हणून ही तार भिंतीला टेकली तरी चालतें. हा तिचा मोठाच गुण होय.

परंतु कोणतीही तार लहर फुकट नेत नाहीं. प्रत्येक मीटरला ती कांहीं जकात घेते. या हानीचें माप डेसिबल होय. विद्यार्थ्यांनीं तीन आंकडे ध्यानांत ठेवावे : ३ डेसिबल हानि म्हणजे निम्मी शक्ति उरली, १० डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा उरला, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरावा. ही जकात दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली तारेची जाडी : तार जितकी बारीक तितकी हानि अधिक. दुसरी लहरीची कंपनसंख्या, म्हणजे एका सेकंदांत होणारीं कंपनें. अशीं दहा लक्ष कंपनें म्हणजे एक मेगाहर्ट्झ. कंपनसंख्या वाढली कीं हानि वाढते, कारण अतिशय जलद प्रवाह धातूच्या पोटांत शिरत नाहीं, तो केवळ पृष्ठावरून वाहतो. १०० मेगाहर्ट्झला त्याची तांब्यांतील खोली मिलिमीटरच्या सुमारें दीडशेंव्या भागाएवढीच असते. वाट अरुंद झाली म्हणजे गर्दी व्हावयाचीच!

आतां निवडीकडे वळूं. बाजारांत गेल्यावर पहिला प्रश्न असा कीं, तार ५० ओहमची घ्यावी कीं ७५ ओहमची? हा आंकडा मीटर लावून मोजतां येणारा रोध नव्हे. गाभ्याची जाडी, जाळीचा व्यास आणि मधल्या थराचा प्रकार यांवरून लहरीस तारेचें जें रूप भासतें, त्याचें तें माप आहे. हवा भरलेल्या तारेचा हिशेब केला तर ७७ ओहमच्या जवळपास हानि कमींत कमी होते, आणि ३० ओहमच्या जवळपास शक्ति जास्तींत जास्त नेतां येते. म्हणून केवळ संदेश घेणाऱ्या दूरचित्रवाणीसाठीं ७५ ओहमची तार रूढ झाली, आणि संदेश पाठविणाऱ्या बिनतारी यंत्रांसाठीं दोहोंच्या मधली ५० ओहमची. दोन्ही प्रकार एकत्र जोडले तर ज्याप्रमाणें तळ्यांतील लाट कांठावर आपटून मागें फिरते, त्याप्रमाणें लहरीचा कांहीं भाग सांध्यावरून परत फिरतो. ५० व ७५ यांच्या सांध्यावर हा भाग सुमारें ४ टक्के असतो. म्हणजे सर्वनाश होत नाहीं, परंतु विनाकारण असा दोष कां ठेवावा? यंत्रावर जो आंकडा असेल तोच तारेवर असावा, हा नियम सोपा आहे.

दुसरा प्रश्न जाडीचा. तो अंदाजानें नव्हे, हिशेबानें सोडवावा. समजा, घाटकोपर येथील एका हौशी बिनतारी चालकानें गच्चीवर अँटेना लावला असून त्याचें यंत्र ३० मीटर खालीं आहे. तो १४५ मेगाहर्ट्झवर २० वॅट शक्ति पाठवितो. आरजी-५८ नांवाची बारीक तार या कंपनसंख्येस दर १०० मीटरला सुमारें २० डेसिबल हानि करते. म्हणजे ३० मीटरांत ६ डेसिबल, आणि अँटेन्यापर्यंत पोंचले अवघे ५ वॅट! आरजी-२१३ ही जाड तार दर १०० मीटरला सुमारें साडेआठ डेसिबल घेते. तीच घातली तर ११ वॅट पोंचतात. फेसाळ पॉलिथिलीनची सुमारें १० मिलिमीटर जाडीची कमी हानीची तार घातली तर सुमारें १४ वॅट. तींच १५ वॅट शक्ति तारेंतच उष्णतेच्या रूपानें गमावून मग मोठें यंत्र विकत घेणें, हें फुटक्या घागरीसाठीं मोठी विहीर खणण्यासारखें आहे. मात्र यंत्र व अँटेना यांत अंतर दोनतीन मीटरच असेल तर बारीक तारही पुरते. महागडी वस्तु सर्वत्र हवीच असें नाहीं.

घरच्या डिशेचा हिशेब थोडा निराळा आहे. उपग्रहावरून येणाऱ्या लहरी ११,००० मेगाहर्ट्झच्याही वरच्या असतात. त्या तशाच तारेंत सोडल्या तर खालीं येईपर्यंत कांहींच उरणार नाहीं. म्हणून डिशेच्या तोंडाशीं एलएनबी नांवाचें एक लहानसें उपकरण असतें; तें त्या क्षीण लहरींना लाखपटीहून अधिक बळ देतें आणि त्यांची कंपनसंख्या ९५० ते २१५० मेगाहर्ट्झपर्यंत उतरवितें. तेथपासून आरजी-६ नांवाची ७५ ओहमची तार त्यांना खालीं आणते. ३० मीटरांत वरच्या टोकाच्या लहरींचा जवळजवळ नऊदशांश भाग नाहींसा होतो, तरी आरंभींच बळ मिळालेलें असल्यामुळें काम निभावतें. जुनी बारीक आरजी-५९ तार येथें वापरूं नये.

तारेंत शिरण्यापूर्वींच लहरीस बळ द्यावें, हें तत्त्व फार महत्त्वाचें आहे. वाटेंत क्षीण झालेल्या लहरीस खालीं कितीही मोठें केलें तरी तिच्याबरोबर खालच्या यंत्राचा गोंगाटही मोठा होतो. गेलेलें परत येत नाहीं. या तत्त्वाचें भव्य उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत आहे. मुलुंडच्या पुढें कल्याण येथें प्रा. गोविंद स्वरूप व त्यांचे सहकारी यांनीं १९६५ सालीं सुमारें १.८ मीटर व्यासाच्या ३२ डिशा मांडून सूर्याकडून येणाऱ्या ६१० मेगाहर्ट्झच्या लहरींचें निरीक्षण केलें होतें. त्याच प्रा. स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं पुढें पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशांची प्रचंड दुर्बीण उभी राहिली. दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या अतिक्षीण लहरी झेलणाऱ्या त्या डिशांतही पहिला वर्धक डिशेच्या केंद्राशींच, तारेच्या आधीं, बसविलेला आहे. आपल्या घरावरील लहानशी डिश आणि खोडद येथील ती महाकाय डिश, दोघींचा धर्म एकच!

तार विकत घेतांना आणखी दोन गोष्टी पाहाव्या. कांहीं तारांचा गाभा निखळ तांब्याचा असतो, तर कांहींचा पोलादाचा असून त्यावर तांब्याचा पातळ मुलामा असतो. लहर पृष्ठावरूनच वाहत असल्यामुळें तिला मुलामा पुरतो. परंतु डिशेवरील उपकरणास लागणारी १३ किंवा १८ व्होल्टची वीजही याच तारेंतून खालून वर जाते, आणि ती गाभ्याच्या पोटांतून वाहते. तार लांब असेल तर पोलादी गाभ्यांत ही वीज वाटेंतच घटते. म्हणून लांब अंतरास तांब्याचाच गाभा घ्यावा. दुसरें असें कीं, टोंकाशीं आवरण थोडें सोलून जाळी पाहावी. जाळी दाट असेल तर तार चांगली; चारदोन तारा फिरवून जाळीचें नांव केलें असेल तर ती तार स्वस्त असली तरी महाग पडेल. उन्हांत राहावयाच्या तारेचें आवरण काळ्या पॉलिथिलीनचें असावें. घरांत वापरावयाचें पांढरें आवरण कांहीं उन्हाळ्यांनंतर तडकतें.

आतां तार बसविण्याविषयीं. वाट शक्य तितकी आंखूड व सरळ असावी, आणि वरपासून खालपर्यंत तार एकसंध असावी. मधला सांधा म्हणजे पावसाला दिलेलें आमंत्रणच. वळण देतांना त्याची त्रिज्या तारेच्या जाडीच्या दहापटीहून कमी नसावी. म्हणजे आरजी-६ तारेस सुमारें ७ सेंटिमीटर. कोंपऱ्यावर ती कागदासारखी दुमडली तर आंतील गाभा पांढऱ्या थरांतून सरकून जाळीजवळ येतो, आणि तेथून लहर परत फिरूं लागते. खिळा ठोकतांना तार चेपूं नये; पकड सैल असावी. खिडकींतून आंत घेण्यापूर्वीं तारेला खालच्या बाजूस एक झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारें पाणी झोळाच्या तळाशीं थेंब होऊन गळून पडतें, घरांत येत नाहीं. भिंतींतील भोंकही बाहेरच्या बाजूस उतरतें असावें.

टोंकाचा जोड हा सर्वांत नाजूक भाग होय. तार सोलतांना गाभ्यावर चाकूची खांच पडूं नये. जाळीचा एक केंसही गाभ्याला शिवतां कामा नये. तो शिवला कीं सर्व संदेश तेथेंच आटोपला. नुसता पिळून बसविण्याच्या जोडापेक्षां हत्यारानें दाबून बसविण्याचा जोड पुष्कळ टिकतो. उघड्यावरील जोडावर प्रथम स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी व तिच्यावर साधी चिकटपट्टी लावावी. गुंडाळणें खालून वर करीत न्यावें, म्हणजे वरचा प्रत्येक पदर खालच्या पदरावर येईल. आपल्या जुन्या घरांवरील कौलें अशींच बसविलेलीं असत. हें न केल्यास काय होतें? पणतींतील वात जशी तेल ओढून घेते, तशी तांब्याची जाळी पाणी ओढून घेते, आणि तें मीटरच्या मीटर आंत पसरतें. अशी तार वरून कोरडी दिसली तरी पुन्हा चांगली होत नाहीं. ती टाकूनच द्यावी.

एकाच तारेवरून दोन ठिकाणीं संदेश न्यावयाचा असेल तर तार मध्येंच सोलून दुसरी तार पिळूं नये. त्यासाठीं विभाजक मिळतो. त्याच्या प्रत्येक वाटेवर सुमारें साडेतीन डेसिबल हानि होते. कारण एका भाकरीचे दोन तुकडे केले तर प्रत्येकास अर्धीहून थोडी कमीच मिळावयाची.

तार बसविल्यावर तिची परीक्षा विद्यार्थ्यांस साध्या मीटरनें करतां येईल. दोन्ही टोंकें यंत्रांपासून सोडवावीं. एका टोंकास गाभा व जाळी यांमध्यें मीटर लावावा. कांटा जरा देखील हलतां कामा नये, म्हणजे रोध अपरिमित दिसला पाहिजे. नंतर दुसऱ्या टोंकास गाभा व जाळी एका लहान तारेनें जोडावीं. आतां रोध अगदीं थोडा, चार दोन ओहमच, दिसला पाहिजे. पहिल्या परीक्षेंत दोष दिसला तर कोठें तरी जाळी गाभ्याला शिवली आहे किंवा पाणी शिरलें आहे. दुसरींत दिसला तर तार वाटेंत तुटली आहे. आणखी एक खूण सांगतों. अतिशय जोराच्या सरींत कांहीं मिनिटें चित्र जाणें हा तारेचा दोष नव्हे. त्या वेळीं पावसाचे थेंबच लहरी शोषून घेतात. परंतु पाऊस थांबून आकाश निवळलें तरी चित्र परतलें नाहीं, तर संशय तारेवर व जोडांवर घ्यावा.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पालकांनीं ती मुलांस निक्षून सांगावी. पावसांत, वाऱ्यांत किंवा अंधारांत गच्चीवर जाऊन डिशेला हात लावूं नये; कठड्यावर तर केव्हांही चढूं नये. पावसाळ्याच्या आरंभीं व शेवटीं आपल्याकडे विजा होतात. मेघगर्जना ऐकूं येतांच गच्ची सोडावी आणि तारेचें टोंक यंत्रापासून सोडवून ठेवावें, परंतु तेंही गर्जना सुरू होण्यापूर्वींच. अँटेन्याचा खांब व तारेची जाळी परवानाधारक वायरमनकडून जमिनीशीं जोडून घ्यावी. विजेच्या कोणत्याही तारेपासून खांब इतका दूर असावा कीं तो आडवा पडला तरी तिला पोंचूं नये. रेल्वेच्या रुळांवरील तारांत २५,००० व्होल्टची वीज असते; त्या बाजूस तार फेंकणें किंवा ओढणें म्हणजे मृत्यूशीं खेळ होय.

कोणी विचारील कीं एका करमणुकीच्या पेटीसाठीं एवढा खटाटोप कशाला? त्यास आमचें उत्तर असें कीं, हीच तार प्रसंगीं प्राण वांचविण्याचें साधन होते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां उपनगरांतील कितीएक दूरध्वनि मुके झाले आणि आईबाप रात्रभर मुलांची वाट पाहत बसले, हें येथील वडील मंडळी विसरलेलीं नाहींत. १९९३ सालच्या किल्लारीच्या भूकंपांत व २००१ सालच्या भूजच्या भूकंपांत हौशी बिनतारी चालकांनीं निरोप पोंचविण्याची सेवा केली. बारा वर्षें पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यास केंद्र सरकारची परीक्षा देऊन असा परवाना मिळवितां येतो. परंतु संकटाच्या रात्रीं यंत्र उत्तम आणि सांधा मात्र भिजलेला, असें झालें तर ती सारी विद्या व्यर्थ होय.

सारांश, तारेचा ओहम यंत्राशीं जुळवा, जाडी लांबी व कंपनसंख्या पाहून ठरवा, सांधे कमी ठेवा, जोड कोरडे ठेवा, आणि काम कोरड्या दिवशीं, वडिलांच्या देखत, जमिनीवर पाय घट्ट रोवून करा. पट्टीच्या आंत दडलेला जोड कोणी पाहणार नाहीं, त्याची कोणी वाहवा करणार नाहीं. तरी तो नीट झाला आहे कीं नाहीं, हें पहिल्याच आषाढसरीला कळून येतें. जें काम कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं तेंही मनापासून करावें, ही शिकवण आमच्या विद्यार्थ्यांस या साध्या तारेकडूनही घेतां येईल.